हसण्याची अट

सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाच्या विमानात चढणाऱ्या हवाई सुंदरीची नोकरी १९८१ सालापर्यंत तीन कारणांनी संपू शकत होती: वयाची पस्तिशी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत झालेलं लग्न आणि पहिलं गरोदरपण. यांतलं जे आधी घडेल ते. त्याच विमानात, त्याच प्रवाशांची देखभाल करणारा पुरुष कर्मचारी मात्र ५८व्या वर्षापर्यंत नोकरीत राहत असे. हा तोंडी रिवाज नव्हता. महामंडळाच्या सेवानियमांत, ४६व्या नियमात, हे छापलेलं होतं आणि नोकरी स्वीकारताना प्रत्येक मुलीनं ते मान्य केलेलं होतं. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १९८० साली मुंबई उच्च न्यायालयात या अटींना आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयानं तो अर्ज आपल्याकडे घेतला आणि २८ ऑगस्ट १९८१ रोजी न्या. मुर्तझा फझल अली यांनी निकाल लिहिला.

पहिल्या गरोदरपणाची अट रद्द झाली; ती भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असं न्यायालयानं म्हटलं. लग्नाची अट मात्र टिकली. एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागलेली मुलगी चार वर्षं थांबली तर तेविसाव्या वर्षी लग्न करील, ते तिच्या प्रकृतीला आणि देशाच्या कुटुंबनियोजनाला हितकारक ठरेल, असा त्यामागचा विचार होता. अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सची अशीच लग्नबंदी तिथल्या अपील न्यायालयानं १९७१ सालीच बेकायदा ठरवली होती. आपल्याकडे दहा वर्षांनी ती राष्ट्रहिताची म्हणून कायम राहिली. या विसंगतीवर कायद्याच्या अभ्यासकांनी आणि स्त्री चळवळीनं पुष्कळ लिहिलं आहे, आणि ते योग्यच आहे.

मला बोलायचं आहे ते ४७व्या नियमाबद्दल. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. पस्तिशी गाठलेल्या हवाई सुंदरीला पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत मुदतवाढ देता येईल, पण एकेका वर्षाची, वैद्यकीय तपासणीत ती पात्र ठरली तर, आणि व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीनुसार, असा तो नियम होता. मर्जी कशाच्या आधारे बनवायची, नाकारताना कारण द्यायचं की नाही, याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. हा अनिर्बंध अधिकार न्यायालयानं मनमानी ठरवून रद्द केला. मला हा त्या निकालाचा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. दर वर्षी आपली नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर पुढे सरकणार असेल, तर त्या बाईच्या वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस कसे जात असतील? वरिष्ठानं वयावरून, वजनावरून, घरच्यांवरून केलेली मस्करी तिला आवडली नाही, तर ती काय करील? ती हसेल. तिला हसावं लागेल. सेवानियमांत तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं, पण ४७व्या नियमातून ते आपोआप निघत होतं.

नोकरीच्या करारातल्या जाचक अटी आणि कामाच्या ठिकाणची थट्टामस्करी हे दोन वेगळे विषय मानले जातात. पहिला वकिलांचा आणि दुसरा मनुष्यबळ विभागाचा. पहिल्यासाठी १८७२चा करार कायदा, दुसऱ्यासाठी २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा. नोकरी करणाऱ्या माणसाला मात्र हे दोन्ही एकाच टेबलावर भेटतात. मस्करी ही बरोबरीच्या माणसांत होते. ती आवडली नाही तर ‘पुरे’ म्हणता आलं पाहिजे, आणि म्हटल्यावर नुकसान होता कामा नये. कोणाला ‘पुरे’ म्हणता येतं आणि कोणाला नाही, हे स्वभावावर कमी आणि नेमणूकपत्रावर जास्त अवलंबून असतं.

याच मुंबईत १९६५ साली घडलेलं एक प्रकरण मिर्झा खटल्याशेजारी ठेवून पाहावं. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीत डब्या-बाटल्या भरण्याच्या खात्यात मुली काम करत. लग्न झालं की नोकरी संपली, असा कंपनीचा नियम होता. बॉम्बे लेबर युनियननं तो प्रश्न लढवला आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियम मोडीत काढला. तेव्हा सरन्यायाधीशपदी प्र. बा. गजेंद्रगडकर होते. लग्न झालेल्या बायका फार गैरहजर राहतात आणि हे काम सगळ्यांनी मिळून करायचं असल्यानं खोळंबा होतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालयानं साधा प्रश्न विचारला: गैरहजेरीचं कारण मुलंबाळं असतील, तर मुलं असलेल्या विधवांनाही ते लागू पडतं, मग त्यांना कामावर कसं ठेवता? बाळंतपणाच्या रजा सांभाळायच्या तर बदली कामगार राखून ठेवा, असंही न्यायालयानं सुचवलं. इतका व्यवहारी, कारखान्याचं गणित समजून दिलेला निकाल वाचताना आजही बरं वाटतं.

मग सोळा वर्षांनी तेच न्यायालय मागे का गेलं? माझ्या मते याचं उत्तर कामाच्या स्वरूपाकडे बघण्याच्या नजरेत आहे. बाटल्या भरणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नव्हतं. विमानातल्या मुलीकडे बघितलं जाणं हा तिच्या कामाचाच भाग मानला गेला. १९६५ सालच्या खोसला न्यायाधिकरणाच्या निवाड्यात हे स्पष्ट दिसतं. नाना स्वभावांच्या प्रवाशांशी गाठ पडते, अवघड प्रसंग येतात, आणि तरुण, आकर्षक मुलगी ते प्रसंग अधिक सहजपणे निभावते, असा विचार तिथे मान्य झाला. ‘अवघड प्रसंग’ म्हणजे काय, हे कोणत्याही नोकरदार बाईला समजावून सांगावं लागत नाही. शेरे, लगट, दोन अर्थांची वाक्यं. ती गोड चेहऱ्यानं झेलणं हे या नोकरीचं कौशल्य ठरलं आणि त्या कौशल्याला वयाची मर्यादा घातली गेली. म्हणजे मस्करी सहन करणं ही गोष्ट कराराच्या बाहेर नव्हतीच. निवृत्तीच्या अटीचं समर्थन तिच्यावर उभं होतं.

पुढचा इतिहास लांबलचक आहे. विमानात उडण्याची वयोमर्यादा १९९३ मध्ये पन्नासपर्यंत गेली. पुरुषांची अठ्ठावन्नच राहिली आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा फरकही चालवून घेतला. पुढे सरकारनंच तो काढला. विमानातल्या सेवकवर्गाचं प्रमुखपद बाईकडे असू शकतं, हे मान्य व्हायला तर नोव्हेंबर २०११ उजाडावं लागलं, आणि तोही निकाल पुरुष कर्मचाऱ्यांच्या विरोधातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवावा लागला.

आज सांताक्रूझमध्ये अशा अटी छापायला कोणी धजणार नाही. कालिना, वाकोला, पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरीतलं सीप्झ (या वसाहतीच्या नावातला ‘एस’ सांताक्रूझचाच, १९७३ साली दिलेला) या पट्ट्यात रोज लाखो माणसं कामाला येतात. ओळखीच्या मुलामुलींची नेमणूकपत्रं वाचून पाहायचा प्रसंग मला वरचेवर येतो. भाषा गुळगुळीत झाली आहे. लग्न, गरोदरपण, वय हे शब्द कुठेही नाहीत. पण ४७व्या नियमातली मर्जी तशीच आहे, वेगवेगळ्या कलमांत वाटली गेली आहे. परिविक्षा काल सहा महिन्यांचा, व्यवस्थापनाला वाटेल तितका वाढवता येणारा. कंपनीनं काढायचं तर एक महिन्याची सूचना, कर्मचाऱ्यानं सोडायचं तर नव्वद दिवसांची. प्रशिक्षणाच्या नावाखाली दोन-तीन वर्षांचा बाँड आणि मोडल्यास लाखांतली रक्कम. भारतात कुठेही बदली. नोकरी सोडल्यावर वर्षभर त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जाणार नाही, अशी कबुली. काही ठिकाणी पदवीची मूळ प्रमाणपत्रंच जमा करून घेतात. या सगळ्यावर शेवटी रिलीव्हिंग लेटर, ज्याच्यावाचून पुढची कंपनी दारात उभं करत नाही आणि जे कधी द्यायचं ते याच कंपनीच्या हातात.

यांतल्या कित्येक अटी न्यायालयात टिकणार नाहीत, हे ती पत्रं लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. करार कायद्याच्या २७व्या कलमाप्रमाणे नोकरी सोडल्यानंतर माणसाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारी अट निरर्थक असते. नोकरी चालू असतानाच्या बंधनांची गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातून पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेलेल्या पर्यवेक्षकाला १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं उरलेल्या मुदतीपुरतं रोखलं होतं, आणि तो निकाल आजही दाखवला जातो. पण तोही मुदतीपुरताच होता. ७४व्या कलमाप्रमाणे करारात कितीही मोठा आकडा लिहिला तरी न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं, आकडा ही फक्त कमाल मर्यादा. आणि कोणालाही इच्छेविरुद्ध नोकरीत डांबून ठेवता येत नाही.

मग न टिकणारी अट लिहायचीच कशाला? कारण ती न्यायालयासाठी लिहिलेलीच नसते. ती लक्षात राहावी म्हणून लिहिलेली असते, आणि ती लक्षात ठेवण्याचं काम मस्करी करते. “बाँड संपेपर्यंत तू आमचीच गं.” “काय, इंटरव्ह्यूला गेला होतास वाटतं, इस्त्रीचा शर्ट घालून?” “लग्न ठरलं? अरे देवा, म्हणजे आता रजेचे अर्ज सुरू.” “हिला गुवाहाटीला पाठवू या, जरा बारीक होईल.” या वाक्यांवर तक्रार करायची म्हटलं तर हातात काही नसतं. प्रत्येकाला म्हणता येतं, गंमत केली. पण चारही वाक्यांच्या तळाशी करारातलं एकेक कलम आहे. नव्वद दिवसांची धमकी मेलवर लिहिली तर ती पुरावा होते. चहाच्या टपरीवर हसत म्हटली तर फक्त मस्करी. कलम मस्करीला धार देतं आणि मस्करी कलमाला रोज जिवंत ठेवते.

करारातल्या या असमान ताकदीबद्दल आपल्या न्यायव्यवस्थेत सर्वांत ठामपणे लिहिणारे न्यायमूर्ती मुंबईचे होते, याचा मला अभिमान वाटतो. महाराष्ट्र त्यांना भिवंडी-जळगाव दंगलींच्या चौकशी आयोगामुळे ‘मादन आयोगाचे मादन’ म्हणून ओळखतो. १९८६ साली कोलकात्याच्या सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात त्यांच्यासमोर असा नियम आला, की कायम कर्मचाऱ्यालाही तीन महिन्यांची सूचना किंवा पगार देऊन, कारण न सांगता काढता येईल. ज्याच्यापुढे सही करणं किंवा नोकरी सोडणं एवढेच दोन मार्ग आहेत, त्याच्या सहीला खुशीची संमती म्हणता येत नाही. बलवान पक्षानं दुर्बळावर लादलेली अन्याय्य अट सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आणि म्हणून करार कायद्याच्या २३व्या कलमाखाली निरर्थक आहे, हे त्यांनी मांडलं. ज्या करारावर सही करणाऱ्याला एक शब्दही बदलता येत नाही, त्या कराराकडे बघण्याची नजर त्या निकालानं दिली.

नजर मिळाली, पण ती फार पुढे गेली नाही. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सरकारी बँकेला भरती जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन करावी लागते, तिचा खर्च असतो, आणि त्या अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानानं रक्कम अवास्तव नव्हती, ही कारणं दिली गेली. त्या प्रकरणापुरती ती पटण्यासारखी आहेत. माझी चिंता पुढची आहे. मोठ्या सरकारी बँकेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याबद्दलचा हा निकाल आता महिना वीस हजारांवर लागलेल्या मुलीला तिच्या तीन लाखांच्या बाँडसाठी दाखवला जाईल. कोणत्या पगाराला किती रक्कम, हा निकालातला मोजका तोल मनुष्यबळ विभागाच्या खोलीत पोचत नाही. ‘बाँडला कोर्टाची मान्यता आहे’ एवढंच पोचतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं, हे चांगलंच झालं. कित्येकांना याआधी कागदही मिळत नव्हता. पण त्या कागदात काय लिहायचं नाही, हे कोणी सांगितलेलं नाही. स्थायी आदेश, म्हणजे ज्यांत शिस्त, बडतर्फी, सूचना यांचे नियम मंजूर करून घ्यावे लागतात ते, आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू होतात; जुन्या केंद्रीय कायद्यात ही संख्या १०० होती. देखरेखीचं काम आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक पगार असेल तर तो ‘कामगार’ राहत नाही. मुंबईत अठरा हजारांत एका खोलीचं भाडं आणि रेल्वेचा पास निघाला तरी पुष्कळ. कालिन्याच्या कचेरीतल्या ‘टीम लीड’ला कंपनी पद देते, खुर्ची देते, आणि त्या पदासकट त्याला कामगार कायद्याच्या बाहेर नेऊन ठेवते. त्याच्यासाठी उरतो तो १८७२चा करार कायदा आणि दिवाणी न्यायालय.

आता मस्करीच्या कायद्याकडे येतो. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. संदीप मारणे यांच्यासमोर पुण्याचं एक प्रकरण आलं. एका खासगी बँकेच्या प्रशिक्षण सत्रात एका अधिकाऱ्यानं लांब केसांच्या सहकारी स्त्रीला उद्देशून, केस आवरायला जेसीबी लागत असेल, असं म्हटलं आणि केसांवरच्या एका हिंदी गाण्याची ओळ गायली. अंतर्गत समितीनं त्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं, त्याची पदावनती झाली, औद्योगिक न्यायालयानं समितीची बाजू उचलून धरली. उच्च न्यायालयानं दोन्ही निर्णय रद्द केले. हे सगळं घडलं असं मानलं तरी तो लैंगिक छळ होत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं.

कायद्याच्या व्याख्येपुरतं बोलायचं तर हा निकाल चूक आहे, असं मी म्हणणार नाही. एका वाक्यावरून माणसाच्या माथी लैंगिक छळाचा शिक्का मारताना न्यायालयानं हात आखडता घ्यावा, हे योग्यच. मला खटकतं ते दुसरंच. आपल्या कायद्यात अशा वाक्यांसाठी दोनच कप्पे आहेत: लैंगिक छळ किंवा काहीच नाही. मध्ये जागाच नाही. त्यामुळे ज्या बाईला ते वाक्य लागलं, तिला आपली साधी तक्रार मोठ्या आरोपाच्या पोशाखात न्यावी लागते, आणि तो पोशाख सैल निघाला की तक्रारच खोटी ठरल्यासारखं होतं. शिवाय अशा प्रकरणांत नेहमी विचारलं जातं, की तेव्हाच आक्षेप का घेतला नाही, तेव्हा तर सगळेच हसले होते. कायदा ‘नकोशा’ वागणुकीबद्दल बोलतो, आणि नको असल्याचं कुठेतरी दिसावं, अशी अपेक्षा ठेवतो. जिच्या हातात मुदतवाढीची वाट पाहणारं पत्र आहे, तिनं ते कसं दाखवायचं? तिचं तेव्हाचं हसू पुरावा म्हणून वाचायचं असेल, तर शेजारी तिचं नेमणूकपत्रही वाचायला हवं. माझं सगळं म्हणणं एवढ्यात आहे.

ब्रिटनमध्ये समानता कायदा २०१० सालचा आहे. वय, वंश, लिंग, अपंगत्व, धर्म अशा गोष्टींशी जोडलेल्या आणि माणसाची प्रतिष्ठा दुखावणाऱ्या वागणुकीला तिथे छळ म्हणतात, आणि हेतू नसला तरी परिणाम पाहिला जातो. २०२२ साली यॉर्कशरच्या एका कारखान्यात टक्कल असलेल्या कामगाराला त्यावरून शिवीगाळ केली, तेव्हा टक्कल मुख्यतः पुरुषांना पडतं म्हणून तो लिंगाशी निगडित छळ आहे, असा निवाडा तिथल्या रोजगार न्यायाधिकरणानं दिला. इतकं ताणावं की नाही, यावर मतभेद होतील. पण पुरुषालाही मस्करीचा जाच होतो, हे त्या कायद्यानं ओळखलं आहे. आपल्या २०१३च्या कायद्यात तक्रारदार फक्त स्त्री असते, आणि तेही विषय लैंगिक असेल तरच.

मुंबईच्या उपनगरात राहून मस्करीवर लिहायचं आणि घाटी, भैया, मद्रासी या शब्दांबद्दल गप्प बसायचं, हे प्रामाणिकपणाचं होणार नाही. ‘घाटी’ ऐकून आपल्याला राग येतो, यायलाच हवा. पण रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला, कँटीनच्या पोऱ्याला ‘ए भैया’ म्हणताना आपल्या आवाजात जे असतं, तेही त्याच जातीचं आहे. आणि जातीचा शब्द आलाच आहे तर हेही सांगायला हवं, की आडनाव विचारून झाल्यावर येणारी मस्करी सर्वांत थंड असते. “तुम्हाला काय, तुमचं भागतंय कोट्यावर” असं हसत म्हटलं जातं, आणि समोरचा तरुण परिविक्षेवर असतो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धचा कायदा आहे, पण हेतू सिद्ध करा, चारचौघांत घडलं हे सिद्ध करा, या वाटेनं जायचं तर नोकरी पणाला लावावी लागते. बहुतेक जण लावत नाहीत. ते हसतात, आणि घरी जाऊन कोणाला सांगतही नाहीत.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मग काय कचेऱ्यांत कोणी हसायचंच नाही? हा आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण कामाच्या ठिकाणची मस्करी ही कष्टकऱ्यांची फार मोठी मिळकत आहे. गिरणीच्या खात्यात, एसटीच्या डेपोत, रुग्णालयाच्या रात्रपाळीत, सीप्झमध्ये दागिन्यांच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्यांत जी टिंगलटवाळी चालते, तिच्यावाचून तेच काम दुप्पट जड झालं असतं. ती सगळी एकमेकांच्या बरोबरीनं होते. आज मी तुझ्या डब्यावरून बोललो, उद्या तू माझ्या घोरण्यावरून बोलशील. वरिष्ठानंही यात भाग घ्यावा. पण त्यानं स्वतःला एक प्रश्न विचारावा. मी आज हिच्या केसांबद्दल बोललो, उद्या ही चारचौघांत माझ्या पोटाबद्दल बोलली, तर तिच्या वार्षिक मूल्यमापनात त्याचा मागमूसही उमटणार नाही, अशी खात्री मी देऊ शकतो का? देऊ शकत असेन तर खुशाल मस्करी करावी. नसेन, तर ती मस्करी नाही, ते अधिकाराचं प्रदर्शन आहे, आणि समोरच्याचं हसणं हा त्याचा पगारात न धरलेला भाग आहे.

ही परतफेड कशावर अवलंबून असते? पुन्हा नेमणूकपत्रावरच. ज्याला महिन्याभरात सन्मानानं बाहेर पडता येतं, ज्याची प्रमाणपत्रं त्याच्या घरी आहेत, ज्याच्या बढतीचे निकष लिहिलेले आहेत, त्याला हसत हसत उलट उत्तर देता येतं. म्हणून लैंगिक छळाच्या समित्यांची वार्षिक शिबिरं, भिंतीवरची भित्तिपत्रकं, संवेदनशीलतेचे वर्ग हे सगळं चालू राहू द्या. पण नव्वद दिवसांचं कलम तिथेच असेल तर त्या वर्गांचा उपयोग मर्यादित राहील. कचेरीतलं बोलणं सुधारायचा खात्रीचा मार्ग कागदातून जातो. दोन्ही बाजूंना सारखीच सूचना मुदत, परिविक्षेला निश्चित शेवट, बाँड असलाच तर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाइतका आणि महिन्यागणिक कमी होणारा, आणि रिलीव्हिंग लेटर ठरलेल्या दिवशी. यांतलं काहीही कंपनीला बुडवणारं नाही.

सांताक्रूझच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी. दहापेक्षा कमी माणसांच्या कचेरीत अंतर्गत समिती नसते. तिथल्या स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, आणि मुंबई उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही ताब्यात देऊ नका. छायांकित प्रती द्या. नेमणूकपत्र आलं की सही करण्याआधी एक रात्र मागून घ्या, ते पूर्ण वाचा, आणि न पटणाऱ्या कलमाबद्दल मेलवर प्रश्न विचारा. कलम बहुधा बदलणार नाही, पण तुम्ही ते खुशीनं मान्य केलं नव्हतं याची तारखेसह नोंद राहील.

आणि ही पत्रं लिहिणाऱ्या, त्यांवर कंपनीच्या वतीनं सही करणाऱ्या मराठी माणसांची संख्याही या शहरात थोडी नाही. हा लेख त्यांच्यापर्यंत पोचला असेल तर त्यांना माझी विनंती आहे: पुढच्या उमेदवाराचा मसुदा उघडाल तेव्हा ‘व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार’ हे शब्द जिथे जिथे येतात तिथे थांबा, आणि त्यांच्या जागी कारण व मुदत लिहा.